ताराग्रहांची ओळख : एका रूढ नियमाची परीक्षा

मराठीत आकाशदर्शनाची गोडी लावणाऱ्या वाङ्मयाला आता सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ हा ग्रंथ १८९२ साली प्रसिद्ध झाला. शास्त्रीय विषय सामान्य वाचकास रुचेल अशा रीतीने मांडता येतो, हे त्याच्या नावावरूनच सूचित होते. त्यानंतर या विषयावर लहानमोठी पुस्तके निघाली, नकाशे निघाले, आणि १९४४ साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाल्यावर हौशी निरीक्षकांना एक कायमचे व्यासपीठही लाभले. या सर्व प्रयत्नांमुळे नक्षत्रे ओळखणारा मराठी वाचक तयार झाला. तेजस्वी ग्रह ओळखण्याच्या बाबतीत मात्र नवशिक्याच्या हाती बहुधा एकच सूत्र पडते : तारे लुकलुकतात, ग्रह लुकलुकत नाहीत. शाळेतील मुलापासून प्रौढ हौशी माणसापर्यंत सर्वांना हे सूत्र पाठ असते. ते कितपत खरे आहे, कोठे फसते, आणि त्याहून अधिक भरवशाचे साधन मराठी माणसाच्या घरात असताना ते का वापरले जात नाही, याचा विचार करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

परीक्षेसाठी स्थळ निश्चित असणे आवश्यक आहे. कारण आकाश सर्वत्र एकच असले तरी त्याची मांडणी प्रत्येक अक्षांशावर निराळी दिसते. येथे लासुर्णे हे स्थळ घेतले आहे. इंदापूर तालुक्यातील हे गाव बारामती-इंदापूर रस्त्यावर, सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. भीमा व नीरा या नद्यांमधील हा प्रदेश पर्जन्यछायेचा असून सपाट आहे; नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर येथे ऊस उभा राहिला. डोंगरांचा अडथळा नसल्यामुळे क्षितिजापर्यंतचे आकाश दृष्टीस पडते. शिवाय रात्रीच्या पाळीला शेतात दारे धरणारा मनुष्य येथे आकाशाखाली तासन् तास उभा असतो. ग्रह ओळखण्याची गरज व संधी दोन्ही ज्यास आहेत असा हा प्रेक्षक आहे. रूढ नियम त्याच्या उपयोगी पडतो काय, हाच खरा प्रश्न आहे.

१

प्रथम नियमाचा शास्त्रीय आधार पाहू. तारका इतक्या दूर आहेत, की मोठ्यात मोठ्या दिसणाऱ्या तारकेचे बिंबही एका विकलेच्या विसाव्या भागाच्या आसपास भरते. साध्या डोळ्यास ती बिंदूच होय. वातावरणातील कमीअधिक उष्ण थर हालू लागले की त्या एका बिंदूचा प्रकाश सर्वच्या सर्व इकडेतिकडे वळतो, आणि तारा लुकलुकतो. ग्रहाचे बिंब साध्या डोळ्यास बिंदूसारखेच भासले तरी वस्तुतः ते लहानशी चकती असते. गुरूचा व्यास सुमारे ३० ते ५० विकला, शनीच्या गोलाचा १५ ते २० विकला, तर शुक्राचा १० पासून ६० विकलांपर्यंत बदलतो. चकतीच्या एका भागाचा प्रकाश मंदावला तरी दुसऱ्या भागाचा त्याच क्षणी वाढतो, आणि एकंदर तेज स्थिर राहते. येथवर सूत्र निर्दोष आहे.

परंतु यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत : ग्रहाची चकती पुरेशी मोठी आहे, आणि त्याचा प्रकाश हवेच्या फार जाड थरातून येत नाही. या दोन्ही गोष्टी नेहमीच खऱ्या नसतात. मंगळ दूर असताना त्याचा व्यास चार विकलांहूनही कमी भरतो. तेव्हा तो मध्यम उंचीवरही लुकलुकू शकतो. बुध सूर्यापासून २८ अंशांहून दूर जात नाही. त्यामुळे काळोख पडल्यावर तो दिसला तर क्षितिजालगतच दिसतो, आणि तेथे हवेचा थर सर्वांत जाड असतो. शुक्रासारखा ठसठशीत ग्रहसुद्धा मावळतीला टेकताना थरथरतो आणि रंगही पालटतो. म्हणजे जो ग्रह ओळखण्यास सर्वांत कठीण, त्याच्याच बाबतीत हा नियम सर्वांत आधी साथ सोडतो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. लासुर्ण्याच्या अक्षांशावर स्वाती आणि रोहिणी या दोन ठळक तारका मध्यान्हवृत्त ओलांडताना खस्वस्तिकापासून दीडएक अंशाच्याच अंतरावर, म्हणजे जवळजवळ डोक्यावरच असतात. तेथे हवेचा थर किमान असतो. रात्र शांत असेल तर त्यांचे तेज बरेच स्थिर भासते. दोन्हींचा वर्ण पिवळसर-तांबूस आहे. केवळ लुकलुकण्यावर विसंबणारा नवशिका उन्हाळ्यात डोक्यावर आलेल्या स्वातीस गुरू अथवा मंगळ समजला, तर दोष त्याचा नव्हे, सूत्राचा आहे. अगस्तीची गोष्ट याच्या उलट. लंडनहून हा तारा कधीच दिसत नाही; लासुर्ण्यास तो दिसतो, पण दक्षिण क्षितिजापासून जास्तीत जास्त १९ अंशांपर्यंतच चढतो, आणि म्हणून येथील प्रेक्षकास तो बहुधा लुकलुकतानाच भेटतो. तेव्हा लुकलुकणे हा पदार्थाचा गुण जितका आहे तितकाच त्याच्या उंचीचाही आहे. सूत्रात उंचीची अट नाही, हा त्यातील पहिला दोष.

२

दुसरे रूढ साधन तेजाचे व वर्णाचे. शुक्र सर्वांत तेजस्वी, त्याच्या खालोखाल गुरू, मंगळ तांबडा, शनी फिकट पिवळा, असे सांगितले जाते. शुक्र व गुरू यांच्यापुरते हे बरेचसे ठीक आहे. व्याध ही रात्रीच्या आकाशातील सर्वांत ठळक तारका होय; तिची प्रत उणे १·५ च्या जवळ आहे. शुक्र नेहमीच तिच्याहून पुष्कळ तेजस्वी असतो आणि गुरूही तिच्यापेक्षा कमी पडत नाही. मंगळाचे मात्र तसे नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये आणि २०१८ च्या जुलैमध्ये तो पृथ्वीजवळ आला तेव्हा गुरूलाही मागे टाकील इतका तेजस्वी झाला होता. सूर्यापलीकडे गेला म्हणजे तोच दुसऱ्या प्रतीच्या तारकेइतका क्षीण होतो. एकाच ग्रहाच्या तेजात पन्नासपटींहून अधिक फरक पडत असेल, तर तेजावरून त्याची ओळख कशी पटावी? वर्णाचेही तेच. ज्येष्ठा तांबडी आहे, रोहिणी तांबूस आहे. मंगळ या दोहोंच्या शेजारून वारंवार जातो. इंग्रजीत ज्येष्ठेला जे नाव आहे ते मंगळाचा प्रतिस्पर्धी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेले आहे. हा घोटाळा फार प्राचीन असल्याचे त्यावरून दिसते.

३

मग निश्चित साधन कोणते? ते आहे स्थान. ग्रह क्रांतिवृत्ताच्या दोन्ही बाजूंस काही अंशांच्या पट्ट्यातच फिरतात. या पट्ट्यापासून दूर दिसलेला तेजोबिंदू कितीही स्थिर असला तरी ग्रह नव्हे. स्वाती क्रांतिवृत्तापासून ३० अंशांहून अधिक उत्तरेस आहे. एवढी एकच गोष्ट माहीत असती, तर वर वर्णिलेली चूक झालीच नसती. याच्या पुढची गोष्ट अधिक उपयोगाची आहे. क्रांतिवृत्ताच्या दोन्ही बाजूंस आठ अंशांच्या आत पहिल्या प्रतीच्या तारका पाचच आहेत : रोहिणी, पुनर्वसूची ठळक तारका, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा. ज्याने या पाच ओळखल्या त्यास नवा नियम सरळ सांगता येतो : त्या पट्ट्यात सहावे ठळक तेज दिसले तर तो ग्रह होय. ज्येष्ठेपासून रोहिणीपर्यंत धनू, मकर, कुंभ, मीन व मेष यांतून जाणाऱ्या निम्म्या वर्तुळात तर अशी एकही तारका नाही. तेथे मार्गावर पहिल्या प्रतीचे जे काही दिसेल ते ग्रहच असावयाचे. या नियमास लुकलुकण्याची गरज नाही आणि त्यास उंचीची अटही लागत नाही.

स्थानाचाच दुसरा अंग म्हणजे सूर्यापासूनचे अंतर. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांहून दूर जात नाही. म्हणून सूर्यास्तानंतर सुमारे सव्वातीन तासांच्या पुढे तो पश्चिमेस फारसा राहू शकत नाही, आणि मध्यरात्री तर दिसणेच अशक्य. कालव्याच्या पाण्याची पाळी मध्यरात्री आली आणि डोक्यावर तेजःपुंज ग्रह दिसला, तर तो गुरू होय, क्वचित मंगळ होय. शुक्र कदापि नव्हे. ‘शुक्राची चांदणी’ हा शब्द प्रत्येक ठळक ताऱ्यास लावण्याची लोकरूढी येथेच तपासून घ्यावी लागते.

येथे परक्या पुस्तकांवरून घेतलेल्या सूचनांविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. बुध दिसणे फार दुर्घट, असे पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते. हे विधान उत्तर युरोपच्या अक्षांशांस शोभते. क्रांतिवृत्त क्षितिजाशी जो कोन करते तो लंडन येथे काही वेळा १५ अंशांपर्यंत उतरतो. अशा वेळी बुध सूर्यापासून दूर असूनही संधिप्रकाशात बुडून जातो. लासुर्णे येथे तो कोन ४८ अंशांच्या खाली कधीच येत नाही आणि फाल्गुन-चैत्राच्या संध्याकाळी तर क्रांतिवृत्त पश्चिमेस जवळजवळ उभे असते. संधिप्रकाशही येथे लवकर सरतो. तेव्हा त्या दिवसांत, किंवा पावसाळा सरल्यावर आश्विन-कार्तिकाच्या पहाटे, मोकळे क्षितिज असलेल्या माणसास बुध साध्या डोळ्यांनी दिसण्यास फारशी अडचण नाही. जे येथे सुलभ आहे ते दुर्लभ म्हणून शिकविले गेले, आणि शिकणाऱ्याने पाहण्याचा प्रयत्नच केला नाही, ही हानी लहान नव्हे.

४

स्थानाचा नियम इतका उघड असता लुकलुकण्याचे सूत्रच का रूढ झाले? याचे कारण छापील पुस्तकाच्या स्वरूपात सापडते. तारकांचे नकाशे एकदा काढले की पिढ्यान् पिढ्या चालतात. ग्रह मात्र हालत असल्यामुळे नकाशात त्यांना कायमची जागा देता येत नाही. म्हणून पुस्तककार ताऱ्यांसाठी नकाशा देतो आणि ग्रहांसाठी एखादे लक्षण सांगून मोकळा होतो. उणीव नकाशाची आहे; ती एका वाक्याने झाकली गेली आहे. वस्तुतः ही उणीव भरून काढणारे साधन दरवर्षी नव्याने छापले जाते व महाराष्ट्रातील असंख्य घरांत खुंटीला टांगलेले असते. ते म्हणजे पंचांग.

पंचांगात प्रत्येक ग्रहाची राशी व अंश दिलेले असतात. हे अंश निरयन, म्हणजे तारकांच्या संदर्भाने मोजलेले असल्यामुळे आकाशाशी ताडून पाहण्यास सोयीचे आहेत. चित्रापक्षाच्या पंचांगात चित्रा तारका कन्येच्या अखेरीस व तुळेच्या आरंभी धरलेली असते. तिच्यापासून मोजता रोहिणी वृषभेच्या १६ व्या अंशाजवळ, पुनर्वसूची तारका मिथुनेच्या शेवटी, मघा सिंहेच्या ६ व्या अंशाजवळ, आणि ज्येष्ठा वृश्चिकेच्या १६ व्या अंशाजवळ येते. रोहिणी व ज्येष्ठा समोरासमोर आहेत. एवढे पाच आकडे लक्षात ठेवले की पंचांगातील कोष्टक हाच ग्रहांचा नकाशा होतो. पंचांगात गुरू सिंहेच्या १६ अंशांवर दिला असेल, तर तो मघेच्या पूर्वेस दहा अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या एका मुठीच्या अंतरावर शोधावा. गुरू दिवसाला सरासरी पाच कला आणि शनी दोन कला सरकतो. त्यामुळे पंचांग सोलापुरास केले असो वा पुण्यास, लासुर्ण्याच्या प्रेक्षकास त्यामुळे काहीच अडचण येत नाही. रैवतपक्षाचे टिळक पंचांग घरी असेल तर सर्वच आकडे सुमारे चार अंशांनी पुढे येतील. पण तारका व ग्रह दोघांनाही तीच सुधारणा लागू पडत असल्याने पद्धत अबाधित राहते.

ही पद्धत लोकव्यवहारात अज्ञात आहे असेही नाही. फक्त तिच्याकडे कोणी आकाशदर्शन म्हणून पाहत नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २००३ व २०१५ मध्ये झाला. गुरू सिंहेत, म्हणजे मघेच्या परिसरात आला, हाच त्याचा अर्थ. कृष्णेचे कन्यागत पर्व २०१६ मध्ये आले, कारण गुरू एक रास पुढे सरकला होता. बारा वर्षांत एक फेरा करणारा ग्रह वर्षाला एक रास चालतो, हे ज्ञान महाराष्ट्रातील यात्रेकरूस पाठ आहे. साडेसातीच्या भयातही असेच एक निरीक्षण दडले आहे : शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे राहतो, म्हणून तीन राशींची साडेसात वर्षे. फलाचा भाग सोडून दिला तरी गतीचा भाग खरा उरतो. २१ डिसेंबर २०२० रोजी संध्याकाळी गुरू व शनी नैर्ऋत्य आकाशात केवळ सहा कलांच्या अंतरावर आले होते. ज्यांनी पंचांग पाहिले होते त्यांना दोघे मकरेत एकत्र असल्याचे आधीच ठाऊक होते. त्या जोडीपैकी तेजस्वी गुरू व मंद शनी, एवढाच भेद मग डोळ्यांनी करावयाचा उरला.

५

पंचांगाच्या परिभाषेचीही परीक्षा करणे उचित होईल. कारण नवशिक्यास ती अडवते. जुन्या सिद्धान्तग्रंथांत बुध, शुक्र, मंगळ, गुरू व शनी या पाचांना ‘ताराग्रह’ असे सार्थ नाव होते : ताऱ्यासारखे दिसणारे ग्रह. नवग्रहांच्या मालिकेत सूर्य, चंद्र, राहू व केतू हेही आल्यामुळे ‘ग्रह’ या शब्दाने नवशिक्याचा गोंधळ होतो. ‘ताराग्रह’ हा शब्द पुन्हा वापरात आणावा, अशी सूचना येथे करावीशी वाटते. ‘अस्त’ या शब्दाचे तर दोन अर्थ आहेत. रोजचा मावळण्याचा अस्त निराळा, आणि सूर्याच्या तेजात लोपून कित्येक दिवस न दिसणे हा निराळा. गुरू-शुक्राच्या अस्तात विवाह करीत नाहीत, हे सर्वांस माहीत असते. पण त्या दिवसांत तो ग्रह शोधून सापडणार नाही, हा त्यातील सरळ अर्थ क्वचितच कोणाच्या ध्यानी येतो.

या अस्तोदयासाठी सूर्यसिद्धान्तात जे कालांश दिले आहेत ते वाङ्मयीन दृष्टीनेही पाहण्यासारखे आहेत. शुक्रास १० (वक्री असता ८), गुरूस ११, बुधास १४ (वक्री असता १२), शनीस १५ आणि मंगळास १७. एक कालांश म्हणजे चार मिनिटे. सूर्यानंतर ४० मिनिटांनी मावळणारा शुक्र दिसेल, गुरूला ४४ मिनिटे हवीत, मंगळाला मात्र ६८. हा क्रम उघडच तेजाचा आहे. मंगळ शेवटी का? सूर्याजवळ दिसतो तेव्हा तो आपल्यापासून अतिदूर व म्हणून अतिमंद असतो, हे कोणीतरी डोळ्यांनी पाहून नोंदविले आहे. ज्या ग्रंथात असे आकडे येतात तो केवळ श्रद्धेचा ग्रंथ म्हणून बाजूस सारता येत नाही.

६

या पद्धतीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की पंचांगाचा आश्रय घेतल्याने फलज्योतिषास प्रतिष्ठा मिळेल. हा आक्षेप विचारार्ह आहे. परंतु पंचांगाचे गणित व पंचांगाचे फल या दोन भिन्न वस्तू आहेत, आणि त्यांतील भेद शिकविण्याचा मार्ग पंचांग मिटून ठेवणे हा नव्हे, तर ते आकाशाखाली उघडणे हा आहे. गणेश दैवज्ञांनी शके १४४२ (इ. स. १५२०) मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला, केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत दिली, आणि पुढे पंचांगशुद्धीचा दीर्घ वाद झाला. या सर्वांमागे कसोटी एकच होती : दृक्प्रत्यय. गणिताने आलेले स्थान डोळ्यांना दिसणाऱ्या स्थानाशी जुळले पाहिजे. आज पंचांग विकत घेणाऱ्यांपैकी गुरू ओळखता येणारे फारच थोडे असतील, तर ही कसोटी कोण लावणार? मग शुद्ध गणितही केवळ विश्वासावर स्वीकारले जाते, आणि शुद्ध व अशुद्ध यांतील भेद वाचकापुरता उरत नाही.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे : भ्रमणध्वनी आकाशाकडे धरला की ग्रहाचे नाव पडद्यावर उमटते, मग एवढ्या खटाटोपाचे प्रयोजन काय? नाव कळणे आणि ओळख पटणे यांत अंतर आहे. त्या यंत्रातील दिशादर्शक जवळच्या लोखंडामुळे फसतो. विहिरीवरील मोटारीशेजारी उभ्या असलेल्या माणसास शेजारच्या ताऱ्याचे नाव वाचावयास मिळाले, तर ते चुकले आहे हे त्यास कळण्यासाठी आकाश आधी थोडे ठाऊक असावे लागते. यंत्राचा उपयोग जरूर करावा, परंतु पडताळा पाहण्यासाठी.

एकंदर विचार करता निष्कर्ष असा निघतो. लुकलुकण्याचे सूत्र खोटे नाही. ते अपुरे आहे, आणि दुय्यम लक्षण म्हणून त्याचे स्थान आहे. ग्रह क्षितिजापासून ३० अंशांहून वर असताना त्याचा उपयोग करावा. पहिले लक्षण स्थान हेच मानावे : क्रांतिवृत्ताचा पट्टा, त्यावरील पाच तारका, आणि पंचांगातील अंश. यापुढे मराठीत आकाशदर्शनाचे जे प्रवेशपुस्तक लिहिले जाईल त्यात तारकांच्या नकाशावर राशींचे निरयन अंश छापलेले असावेत, म्हणजे वाचकाने पंचांगातून आकडा घेऊन बोट ठेवले की ग्रहाची जागा सापडेल. खर्च एका रेषेचा आहे. ज्योतिर्विलासाने वाचकाकडे रात्रीच्या दोन घटका मागितल्या होत्या. दोन घटकांत आकाश १२ अंश फिरते; लासुर्ण्याच्या शेतात एक सरी भरेपर्यंत दारे धरणाऱ्यास पाचांपैकी दोन-तीन तारका शोधून त्यांच्यामधील आगंतुकाचे नाव स्वतः ठरविण्यास तेवढा वेळ पुरेसा आहे.